आगीचं पथक मुंबईला

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

मुंबई, ८ डिसेंबर १९८५

मैना वहिनीला केरूचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, गोदीतलं काम चालू आहे. खोलीतली माणसंही बरी आहेत, फक्त रावजी अण्णांचा खोकला काही जात नाही. आता मुख्य गोष्ट. हातातलं काम ठेव, सखूलाही हाक मार आणि दोघी जावा मिळून वाचा.

गेल्या वर्षी सड्यावरचा वणवा उतरून खालच्या वाडीतले काजू आणि गवताचे उडवे खाऊन गेला. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तळेकोंडला मोठा बंब येणार कुठून? चढणीच्या खालीच गाडी थांबते. तर काल आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत एका सभासदाने सरकारी योजनेचा कागद आणला. ज्या गावात लोक आपणहून आग विझवायचं पथक काढतील, त्या गावाला सरकार पंप, पाइप आणि शेडसाठी अनुदान देणार. चौथा हिस्सा गावाचा. तो मंडळ भरील.

नियम पुष्कळ आहेत, मी सगळे वाचले. पथकात पंचवीस सशक्त पुरुष हवेत, गावचे रहिवासी. त्यांना सरकारी माणूस येऊन शिकवणार. शिकलेल्या सभासदाशिवाय पंपाला कोणी हात लावायचा नाही. वर्षातून एकदा साहेब पथक बघून जाणार, सगळं ठीक असलं तर पुढचा हप्ता मिळणार.

पंचवीस कसले, सभेतच बत्तीस जणांनी हात वर केले! मंडळाचा चिटणीस म्हणून मलाच पथकप्रमुख केलं आहे. वहिनी, मी चड्डीत होतो तेव्हा तू या घरात आलीस, आई गेल्यावर मला वाढवलंस, दादा गेल्यावर घर एकटीने सांभाळलंस. आज तुझ्या केरूच्या हातून गावाचं एक काम होतंय. तुला बरं वाटेल म्हणून मुद्दाम लगेच लिहितोय.

तुझा
केरू


तळेकोंड, २२ डिसेंबर १९८५

केरू भावजींना मैनाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. सखूने मोठ्याने वाचून दाखवलंन, शेजारच्या यमुनाबाईही ऐकत होत्या. तुमच्या हातून गावाचं काम होतंय याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण भावजी, एक सांगा. बत्तीस हात वर झाले ते कुठे? परळच्या खोलीत. वणवा काय परळला लागतो?

इथे कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुरुषांत गावचे मानकरी बाबल्या गावकर, त्यांना धड दिसत नाही. आणखी दोन-तीन म्हातारे. बाकी आम्ही बायका आणि पोरं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी शेतात पाल्याची कवळं आणि शेण पसरून भाजावळ करतो, ती पेटवण्याआधी चौघींना हाळी घालायची, प्रत्येकीने ऐनाच्या ओल्या फांदीचा टाळा घेऊन बांधावर उभं राहायचं, आणि ठिणगी बाहेर पडली की झोडून काढायची. सासूबाईंनी मला शिकवलं, मी सखूला शिकवलं. गेल्या वर्षीचा वणवा घरांपर्यंत आला नाही तो काय आपोआप थांबला? आम्ही बायकांनी झोडला म्हणून थांबला. माझी आबोली रंगाची साडी त्यात जळली, ते तुम्हाला कळवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, पथक काढताय तर त्यात आमची नावं घाला. जी इथे असते तिला शिकवा. एवढी साधी गोष्ट आहे.

मैना

ता.क. सखूचा नमस्कार. वहिनी रागावलेल्या नाहीत, त्यांचं बोलणंच तसं, तुम्हाला माहीत आहे. खोकला रावजी अण्णांना आहे, पण ओवा तुम्हीही खात जा. एका खोलीत चौदा माणसं निजता.


मुंबई, १२ जानेवारी १९८६

मैना वहिनीला नमस्कार.

तुझं पत्र सभेत वाचून दाखवलं. सगळे हसले, पण वाईट अर्थाने नव्हे हां. रावजी अण्णा म्हणाले, "मैना बोलते ते खरं, पण सरकारला ते पटायला हवं ना!" नियमात स्पष्ट लिहिलंय, सशक्त पुरुष. बायकांची नावं घातली तर अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येईल, मग पंपही नाही आणि पथकही नाही. आधी पंप गावात येऊ दे, बाकीचं मग बघू.

तू विचारशील, मुंबईची माणसं गावची रहिवासी कशी? मी म्हणतो का नाहीत? माझं मत तिथे. मतदानाला मी एसटीत उभ्याने येतो. माझी जमीन तिथे, माझी बायको तिथे, मेल्यावर माझी राखही तिथल्याच पऱ्ह्याच्या पाण्यात जाणार. मुंबईत माझं काय आहे? एक ट्रंक आणि एक वळकटी. मला कोणी विचारलं कुठला रे तू, तर आजवर कधी मुंबईचा म्हणालेलो नाही. अर्जावर 'राहणार तळेकोंड' लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही.

तपासणी आणि शिकवणी दोन्ही शिमग्यात ठेवायची विनंती केली होती, ती मान्य झाली. तेव्हा आम्ही सगळे गावात असूच. साहेबांना हवं तर पंचवीसच्या जागी पन्नास दाखवू! शेडची जागा तळ्याच्या वरच्या अंगाला साफ करून ठेव. बाबल्या काकांना सांगून देवीला कौलही लावून घे.

सखूला सांग, ओवा घेतला. तिच्या दोन ओळी सगळ्यात आधी वाचतो, तुझं पत्र मग. रागावू नकोस.

केरू


तळेकोंड, ९ एप्रिल १९८६

केरू भावजींना आशीर्वाद.

शिमगा सरला, तुम्ही सगळे एसटीत बसलात आणि वाडी ओस पडली. आता संध्याकाळी कुणाच्या अंगणात पुरुषाचा आवाज नाही. साहेब खूश होऊन गेले ते बरं झालं. पंचवीस जवान रांगेत उभे, गळ्यात रुमाल, कोण खूश होणार नाही? मीही खूश झाले, तुम्ही पुढे उभे होतात ना.

पण शिकवणीच्या वेळी आम्हाला चुलीपाशी बसवलंत, सगळ्यांचा चहा करायला. मी कपबश्या घेऊन जाता-येता बघत होते. दोरी ओढली की इंजिन धडधडतं, एवढं कळलं. त्याआधी तुम्ही वरच्या तोंडातून काहीतरी ओतत होतात. ते पेट्रोल होतं की आणखी काही? पुरुषांच्या पाठी आड आल्या, दिसलं नाही. शेडची किल्ली तुम्ही माझ्याकडे देऊन गेलात, पण नुसती किल्ली घेऊन मी काय करू? पंप कसा चालू करायचा ते बयाजवार लिहून कळवा.

घाई अशासाठी की भाजावळ सुरू झाली आहे. आणि पंप आल्यापासून बायकांना एक नवीनच धीर आला आहे. परवा यमुनाबाईंनी कोणाला हाळी न घालता शेत पेटवलंन. मी धावत गेले, चार शब्द सुनावले, तर म्हणते, "पंप आहे की गो आता!" टाळे तोडून आणायचाही सगळ्यांना कंटाळा. मला हे बरं दिसत नाही.

मैना

ता.क. सखूचा नमस्कार. घर खायला उठतं. तुम्ही विसरलेला कंगवा माझ्यापाशी आहे. गाय एकदोन दिवसांत विईल असं वाटतं.


मुंबई, १७ एप्रिल १९८६

मैना वहिनीला नमस्कार.

पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून लगेच लिहितो. वहिनी, पंपाला हात लावायचा नाही. कोणीच नाही. नियमच तसा आहे, मी डिसेंबरात लिहिलं होतं. न शिकलेल्या माणसाने पंप चालवला असं कळलं तर अनुदान परत घेतात, आणि जबाबदार पथकप्रमुख, म्हणजे मी. किल्ली तुझ्याकडे दिली ती शेड झाडायला आणि उंदीर बघायला.

यंत्र पत्रातून शिकवता येत नाही. मे अखेरीस मला रजा मिळेल, तेव्हा घरातल्या घरात तुला दाखवीन. तोवर यमुनाबाईंना म्हणावं जुन्या पद्धतीनेच चला. तुझा शब्द कोणी मोडणार नाही.

गाय व्याली का ते कळव.

केरू


तळेकोंड, २८ एप्रिल १९८६

केरू भावजींना आशीर्वाद.

गेल्या सोमवारी दुपारी वणवा लागला होता. विझला. आपला गोठा गेला, गवत गेलं, घराला काही झालं नाही. गाय आणि वासरू वाचलं. माणसं सगळी आहेत.

तुम्ही काळजी करू नका, रजा टाकून धावत येऊ नका. सखू माहेरी गेली आहे, म्हणून तिच्या ओळी नाहीत.

मैना


मुंबई, ५ मे १९८६

मैना वहिनीला नमस्कार.

वाघजाईच पावली! गोठ्याचं वाईट वाटलं, पण गोठा काय, पावसाआधी पुन्हा उभा करू. घरं वाचली, माणसं वाचली! मी पत्र घेऊन तसाच खोलीत गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. रावजी अण्णांनी पेढे मागवले. आलेल्या पहिल्याच वर्षी पंप कामाला आला, तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गावाचं असं झालं असेल?

कोणी चालवला ते तू लिहिलं नाहीस. मी हात लावू नको म्हटलं होतं, म्हणून घाबरली असशील. घाबरू नकोस. मी अहवालात 'पथकाने तत्परतेने आग आटोक्यात आणली' एवढंच लिहीन. फक्त किती वेळ पाणी मारलं आणि पाणी तळ्याचं की विहिरीचं, तेवढं कळव. पुढच्या हप्त्याला उपयोगी पडेल.

सखू भाजावळीच्या दिवसांत माहेरी कशी गेली? तिचे वडील आजारी आहेत का? तिच्या ओळींशिवाय पत्र म्हणजे अळणी जेवण. माझ्यावर रुसली असेल तर तसं सांग, मी वेगळं पत्र लिहितो.

केरू


तळेकोंड, १२ मे १९८६

भावजी,

तुमच्या पेढ्यांचं वाचलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. खरं तर अजून काही दिवस लिहिणार नव्हते, सखूने शपथ घातली होती. पण तुम्ही अहवाल लिहायला बसलात, आता गप्प राहवत नाही.

सखू माहेरी नाही. रत्नागिरीला इस्पितळात आहे, वणवा लागला त्या दिवसापासून. तिचे दोन्ही हात भाजले आहेत, उजवा जास्त. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. तुम्हाला कळवू नका म्हणाली. "ते धावत येतील, बिनपगारी रजा पडेल, नोकरीवर गदा येईल," हे तिचं. मी तिचं ऐकलं ते चुकलं.

आता कसं झालं ते ऐका. वरच्या शेतातली भाजावळ वाऱ्याने बाहेर पडली. एरवी काय झालं असतं? ज्या बांधावर पडली तिथेच चौघीजणी टाळे घेऊन उभ्या असत्या. या वेळी बांधावर कोणी नव्हतं. ओरडा झाला तशा सगळ्या बायका आगीकडे न जाता माझ्या दाराशी आल्या. "किल्ली काढ गो मैना!" मी काढली. तुमचा नियम मला पाठ होता तरी काढली. आम्ही आठ-दहा बायकांनी तो पंप ओढत विहिरीवर नेला, पाइप आत सोडला. मी दोरी ओढली. हात सोलवटले तेव्हा इंजिन लागलं. धडधड सगळ्या वाडीला ऐकू गेली, बायकांनी वाघजाईच्या नावाने हाक दिली. आणि पाणी काही येईना. थेंब नाही. आम्ही पाइप हलवला, पुन्हा बुडवला, पुन्हा दोरी ओढली. कुणी म्हणे पेट्रोल कमी, कुणी म्हणे थांबा, येईल. आम्ही वाट बघत बसलो हो. मरणाची वाट बघितली. शेवटी पंपातून जळका वास आला आणि तो बंद पडला. तोवर आग आपल्या गोठ्याच्या पाठी आली होती.

गाय नुकती व्यालेली, दावं तुटेना. सखू आत गेली. दाव्याची गाठ तिने हातांनी सोडवलीन, वर गवत पेटलेलं असताना. वासराला ढकलून बाहेर काढलंन आणि मग स्वतः आली. मग आम्ही पंप तिथेच टाकून टाळे तोडले आणि संध्याकाळपर्यंत झोडत राहिलो. आग विझवली ती तशी. लिहा अहवालात.

भावजी, तुम्हाला मी एक साधी गोष्ट विचारली होती, तुम्ही वरून काय ओतत होतात. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते काय होतं?

मैना


मुंबई, २२ जून १९८६

मैना वहिनीला नमस्कार.

गावाहून परवा इथे पोचलो. येताना सखू फाटकापर्यंत आली आणि तिने हात पाठीमागे धरले होते, ते डोळ्यांपुढून जात नाही. जेवायला बसलो की तू तिला भरवतेस ते आठवतं आणि मी ताट बाजूला सारतो. डॉक्टर म्हणाले की उजव्या हाताची बोटं पुरती उघडायची नाहीत. मी तिच्यासमोर हो-हो केलं आणि इस्पितळाच्या मागे जाऊन रडलो. तुला सांगितलं नाही, आता सांगतो.

पाणी होतं, वहिनी. नुसतं पाणी. आधी वरून एक कळशी पाणी ओतून पंप भरायचा, मग दोरी ओढायची. कोरडा चालवला की तो पाणी उचलत नाही आणि आतून जळतो. एका ओळीत लिहिता आलं असतं. मी तुला नियम लिहून पाठवला.

काल मंडळात सगळं सांगितलं. पंप दुरुस्त करायचा तर सरकारी माणूसच यायला हवा, आणि तो विचारणार कोणी बिघडवला, पथक कुठे होतं. रावजी अण्णा म्हणाले, आता तोंड उघडलं तर अनुदान जाईल, पंपही नेतील, आणि आधी केरू अडकेल. शिमग्यात आपण सगळे गावात असू, तेव्हा शिकवणीत बिघडला असं सांगू, दुरुस्त होईल. तोवर गप्प राहावं. सगळ्यांचं तेच मत पडलं. मला दुसरा मार्ग दिसत नाही. तू सांग.

केरू


तळेकोंड, ६ जुलै १९८६

केरू भावजींना आशीर्वाद.

सांग म्हणालात म्हणून सांगते. लावणी चालू आहे, अंग मोडून गेलं आहे, त्यामुळे गोड बोलायला जमणार नाही.

शिमग्यात पंप दुरुस्त होईल. तुम्ही रुमाल बांधून रांगेत उभे राहाल, साहेब खूश होतील. मग तुम्ही एसटीत बसाल आणि पंप पुन्हा कुलपात. पुढच्या भाजावळीला वणवा आला की कोणाचे हात जायचे? यमुनाबाईंचे? माझे? मला त्याचं भय नाही, माझ्यामागे रडायला कोण आहे? पण वाडीत लहान मुलांच्या आया आहेत.

तुम्हाला मार्ग दिसत नाही कारण तुम्हाला बघायचा नाही. सरकारला लिहून द्या की पथकातले पुरुष गावात राहत नाहीत. इथे बायका राहतात, शिकवायचं तर त्यांना शिकवा. पंप नेतात तर नेऊ देत. निदान बायका त्याची वाट बघत बसणार नाहीत, आपले टाळे तोडतील.

तुम्ही म्हणाल, मी तळेकोंडचा नाही असं कसं लिहू. मला कळतं हो. तुमच्या दादांनीही आयुष्यभर मुंबईत राहून मुंबईला नावं ठेवली. ते गेले तेही तिथल्या खोलीत, आणि मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. ते असताना कोणी विचारलं तर मी सांगायची, "आमचे मुंबईला गेलेत." वीस वर्षं मी तेच सांगत होते, राहतात असं कधी म्हटलं नाही. खरं बोलायला मलाही कुठे जमलं?

सखूला यातलं काही विचारलेलं नाही. ती म्हणेल त्यांना त्रास नको. तिचं नेहमीचंच आहे.

मैना


मुंबई, १६ नोव्हेंबर १९८६

मैना वहिनीला नमस्कार.

चार महिने पत्र लिहिलं नाही. गणपतीलाही आलो नाही, ड्यूटी आहे असा निरोप धाडला. ड्यूटी नव्हती. तुझ्यासमोर यायचं धैर्य नव्हतं.

दिवाळी झाल्यावर त्या योजनेच्या सरकारी कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, नीट बोलले. मी सगळं सांगितलं, गोठा, पंप, सखूचे हात. त्यांनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "नियमात बायका नाहीत. पण गावात पुरुषच राहत नाहीत असं पथकप्रमुखाने लेखी दिलं, तर मी विशेष बाब म्हणून वर पाठवू शकतो. पुढचा हप्ता मिळणार नाही, पंप मात्र राहू शकेल. पण तुम्ही आधी खोटं लिहून दिलं असा त्याचा अर्थ होतो, समजलं ना?" मी म्हटलं, समजलं.

तिथेच बाकावर बसून लिहिलं. काय लिहिलं ते तुला जसंच्या तसं सांगतो. "मी केरू धोंडू पाष्टे, राहणार मुंबई, लिहून देतो की मी आणि पथकातील इतर चोवीस सभासद मौजे तळेकोंड येथे राहत नाही. गावात आग लागल्यास आम्ही हजर नसतो. आग गावातील स्त्रिया विझवतात." पुढे तुझं नाव पहिलं घातलं आणि मग बाकीच्यांची. वयं ठाऊक नव्हती, अंदाजाने घातली. यमुनाबाईंना दहा वर्षांनी लहान केलंय, त्या रागावणार नाहीत.

'राहणार' लिहून पुढचा शब्द लिहायला फार वेळ लागला. शिपाई दोनदा येऊन बघून गेला.

सभेत सांगितलं तेव्हा माणसं अंगावर आली. रावजी अण्णा ओरडले, "आज राहत नाही म्हणून लिहिलंस, उद्या भाऊबंद सातबाऱ्यावरून नाव उडवतील! पंचवीस घरांची नावं गावातून काढायचा तुला अधिकार कोणी दिला?" त्यांचंही खोटं नाही. मला चिटणीसपदावरून काढलं. खोली सोडायला कोणी सांगितलं नाही, पण माझ्याशी बोलत नाहीत. जेवण मी बाहेर करतो.

शिमग्याला मी येणार नाही. गाव सोडल्याचं आपल्या हाताने सरकारला लिहून दिलं आणि वर पालखीला खांदा द्यायला कुठल्या तोंडाने उभा राहू? सखूला काय सांगायचं ते तू सांग. मनीऑर्डर चुकणार नाही.

केरू


तळेकोंड, ४ मार्च १९८७

केरू भावजींना मैनाचा आशीर्वाद.

मंजुरी आली. गेल्या आठवड्यात सरकारी माणूस येऊन पंप दुरुस्त करून गेला आणि आम्हा बायकांना तळ्यावर शिकवून गेला. आधी त्याला विचित्र वाटत होतं. "घरात पुरुष कोणी नाहीत का?" असं विचारलंन. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मुंबईला राहतात." सगळ्यांसमोर म्हटलं. मग तो कामाला लागला.

त्याने कळशी मागितलीन, वरून पाणी ओतलंन आणि म्हणाला, "हे आधी करायचं. एवढं लक्षात ठेवलं की झालं." सखू बाजूला दगडावर बसली होती. ती म्हणाली, "एवढंच होतं?" त्या माणसाला वाटलं ती विचारतेय, म्हणून तो हसून म्हणाला, "हो बाई, एवढंच." यमुनाबाई पदराने डोळे पुसत तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग पाणी सुटलं, पार वरच्या आंब्यापर्यंत गेलं. आता आम्ही दहाजणी चालवू शकतो. भाजावळीला हाळी घालायची आणि टाळे घेऊन उभं राहायचं, तेही सोडायचं नाही असं ठरवलं आहे. पंप असो नसो.

आता तुमचं. तुम्ही येणार नाही हे सखूला मी सांगितलं नाही. तुम्हीच सांगा, मला मध्ये घालू नका. सातबाऱ्याचं बाबल्या गावकरांना विचारलं. ते म्हणाले, "जमीन कसते कोण? मैना आणि सखू. मग नाव कोण उडवणार? मी जिवंत आहे तोवर कोणी हात लावून बघावा." रावजी अण्णांना हे वाचून दाखवा.

आणखी एक आहे. पालखी दारात आली की घरच्या सवाशिणीने देवीची ओटी भरायची. मला ती भरता येत नाही, तुमचे दादा गेल्यापासून मी दाराआड उभी राहते. या घरात ओटी भरणारी सखू एकटीच. काल ती अंगणात एकटी सवय करत होती. तांदूळ कसेबसे धरलेन, पण नारळ उजव्या हातात राहत नाही, तीनदा निसटून पडला. मला बघून म्हणाली, "या वर्षी राहू दे वहिनी, देवीचा नारळ खाली पडायला नको." आणि आत जाऊन चुलीपाशी बसली.

तिच्या हाताखाली कोणीतरी हात धरायला हवा. मी धरू शकत नाही, दुसऱ्याच्या घरच्याने धरायचा नाही. तुम्ही मुंबईत राहता ते सरकारला कळवलंत, चांगलं केलंत, मी सगळ्या वाडीला अभिमानाने सांगितलं. पण नारळ तुम्हीच धरायला हवा. खांदा देऊ नका, रांगेत उभे राहू नका, कोणाशी बोलू नका, मला चालेल.

पालखी होळीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वाडीत येते. आदल्या रात्रीच्या एसटीने या.

मैना